औषध देणारा कोण?

रुग्णाच्या हातात औषध ठेवणे ही चिकित्सेतली सर्वांत लहान दिसणारी कृती. पण धर्म, नीती आणि कायदा या तिघांनीही तिच्यावर बारीक लक्ष ठेवले आहे. तपासणी चुकली तर पुन्हा करता येते, चिठ्ठी चुकली तर खोडता येते. पोटात गेलेली गोळी मात्र परत घेता येत नाही. म्हणून या शेवटच्या टप्प्यावर जाणता माणूस उभा असावा, ही अपेक्षा फार जुनी आहे. आता रुग्णालयांतली औषधांची कपाटे संगणकावर उघडतात, यंत्रे बारकोड वाचून गोळ्या काढतात, आणि ती अपेक्षा नेमकी कोणाकडून करायची हे पूर्वीइतके स्पष्ट राहिलेले नाही. प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. त्याच्या तळाशी मात्र कृतीचा कर्ता कोण आणि तिच्या फळाचा वाटेकरी कोण, हा भारतीय विचारातला मूळचा वाद आहे.

भिवंडीत या प्रश्नाची दोन्ही टोके एकाच शहरात पाहायला मिळतात. २०११ च्या जनगणनेनुसार ७,०९,६६५ लोकसंख्येचे हे यंत्रमागांचे शहर. मुंबईच्या जकात नाक्याबाहेर पडत असल्यामुळे काल्हेर, पूर्णा, वळ, दापोडे, मानकोली या आजूबाजूच्या गावांत गोदामांची रांगच उभी राहिली. २०१७ मध्ये जकात गेली, पण गोदामे राहिली, वाढली. कापड, किराणा, यंत्रांचे सुटे भाग यांच्याबरोबर औषधांची खोकीही तिथून देशभर जातात. दुसऱ्या टोकाला इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयाची औषधखिडकी आहे. तिथे केसपेपर हातात धरून मोमीन विणकर, तेलुगू बोलणारे पद्मशाली, उत्तर प्रदेश-बिहारातून आलेले मागकामगार आणि तालुक्यातल्या गावांतली आगरी-कुणबी माणसे एकाच रांगेत उभी राहतात. गोदामात औषध हा माल असतो. खिडकीवर तो उपचार होतो. या दोन बिंदूंच्या मध्ये कुठेतरी त्याचे स्वरूप बदलते, आणि तो बदल घडवणाऱ्यावरच नियमनाचा सगळा भार आहे.

भारतीय कायद्याने ही जागा एका माणसाला दिलेली आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, त्याखालचे नियम १९४५ चे. नियम ६५ प्रमाणे चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले पाहिजे. १९४८ च्या फार्मसी कायद्याचे कलम ४२ हेच अधिक ठाम शब्दांत सांगते. त्यातून सूट आहे ती स्वतःच्या रुग्णाला औषध देणाऱ्या डॉक्टरला. सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या रुग्णालयांना विक्रीचा परवाना लागत नाही, पण तिथेही वितरण पात्र व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावे अशी अट आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सने पुढचे पाऊल टाकले आणि चिठ्ठीचा अर्थ लावणे, ती तपासणे, रुग्णाला समजावून सांगणे हे सारे फार्मासिस्टच्या कर्तव्यात धरले. या तरतुदी एकत्र वाचल्या की दिसते ते असे: कायद्याला हवा असलेला माणूस मोजण्यासाठी नको आहे. मोजणे कोणीही करील. त्याला असा माणूस हवा आहे, जो चिठ्ठी पाहून थांबू शकेल, विचारू शकेल आणि प्रसंगी ‘हे देता येणार नाही’ असे म्हणू शकेल.

ही दृष्टी विसाव्या शतकात जन्मली नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण मोजलेले आहेत. परिचारकाच्या गुणांत कौशल्य आणि शुचिता यांच्या जोडीला रुग्णाविषयीची ओढ धरलेली आहे. रोग्याच्या गुणांत आपला त्रास नीट सांगता येणे धरलेले आहे. या शेवटच्या गुणाकडे सहसा दुर्लक्ष होते. सांगता येणे हा गुण ठरतो तो ऐकणारा कोणी असेल तरच. त्याच ग्रंथाची आणखी एक भूमिका प्रसिद्ध आहे: न ओळखलेले औषध विषासारखे, शस्त्रासारखे, आगीसारखे; ओळखलेले औषध अमृतासारखे. म्हणजे द्रव्याचा गुण-दोष नुसता द्रव्यात राहत नाही, ते देणाऱ्याच्या ज्ञानावर अवलंबून असतो. चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या शेड्यूल एच, एच-वन, एक्स अशा याद्यांमागचे तत्त्व याहून फार वेगळे नाही.

कौटिल्याने हाच विषय दंडाच्या अंगाने हाताळला. अर्थशास्त्राच्या कंटकशोधन या चौथ्या अधिकरणात वैद्य कारागिरांच्या रांगेत येतो: जिवावरच्या दुखण्यावर राजपुरुषाला न कळवता उपचार केला आणि रोगी दगावला तर वैद्याला दंड, उपचारातल्या दोषामुळे दगावला तर आणखी मोठा दंड. पुढच्याच अध्यायात धान्य, तेल, मीठ, सुगंधी द्रव्ये यांच्याबरोबर औषधांत भेसळ करणाऱ्याला बारा पणांचा दंड सांगितला आहे. कळवण्याची सक्ती आणि भेसळीचा दंड, या दोन खुंट्यांवर आजचेही औषधनियमन उभे आहे.

भिवंडीच्या मोठ्या लोकसंख्येची जी परंपरा, त्या इस्लामी विचारातही याला भरपूर जागा आहे. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या मुहतसिबाने औषधविक्रेत्यांकडे आणि सरबते बनवणाऱ्यांकडे कसे पाहावे, यावर बाराव्या शतकात सीरियातल्या अल्-शैझरीने या देखरेखीवरच्या, म्हणजे हिस्बाच्या, आपल्या पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरणे लिहिली. कैरोत १२६० च्या सुमारास अल्-कोहीन अल्-अत्तार या ज्यू औषधविक्रेत्याने दुकान चालवण्याचा ग्रंथ लिहिला, आणि त्यात औषधांच्या पाककृतींबरोबर आपल्या मुलासाठी व्यवसायाच्या नीतीचा उपदेशही घातला. वैद्यकाचे ज्ञान नसताना उपचार करणाऱ्यावर नुकसानीची भरपाई येते, हे तत्त्व तर हदीसच्या आधारावर फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी विधिशास्त्रात, स्थिर झालेले आहे. युरोपात सिसिलीचा राजा दुसरा फ्रेडरिक याने तेराव्या शतकात वैद्य आणि औषध विकणारा यांचे धंदे अलग केले. चिठ्ठी लिहिणाऱ्याला विक्रीतून नफा नको आणि विकणाऱ्याने चिठ्ठीवर दुसरी नजर टाकावी, हा त्यामागचा विचार.

माणूस ठेवला की काम झाले, असे मात्र नाही. महाराष्ट्राने याची किंमत १९८६ मध्ये मोजली. त्या वर्षाच्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदी, पुरवठा, तपासणी, परवाने या सगळ्या टप्प्यांवरची ढिलाई आणि भ्रष्टाचार उघड केला. त्या साखळीत प्रत्येक ठिकाणी माणूस होता, प्रत्येक कागदावर सही होती. पाहिले मात्र कोणीच नव्हते. किरकोळ दुकानांतही हेच घडत आले: भिंतीवर फार्मासिस्टचे प्रमाणपत्र, त्याच्या नावाचे महिन्याचे भाडे, आणि काउंटरवर दहावी झालेला मुलगा. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, गेल्या दशकाच्या सुरुवातीला, फार्मासिस्ट प्रत्यक्ष हजर असण्याचा आग्रह राज्यात धरला गेला आणि औषधविक्रेत्यांनी संप पुकारले. त्या संघर्षात दुकानदारांच्या अडचणी खऱ्या होत्या. तरीही भाड्याने दिलेले नाव म्हणजे अनुपस्थित उत्तरदायित्व, आणि त्याला नीतीच्या कोणत्याही चौकटीत जागा मिळणे कठीण आहे.

यंत्राची बाजू इथे बळकट होते. संगणकीय औषधकपाट कोणी, केव्हा, कोणत्या रुग्णासाठी, किती गोळ्या काढल्या याची नोंद ठेवते. ते थकत नाही, ओळखीच्या माणसाला चिठ्ठीवाचून औषध देत नाही. दिसायला सारख्या दोन कुप्यांची गफलत बारकोडमुळे बरीच टळते. ज्या खिडकीवर एकटा फार्मासिस्ट शेकडोंची रांग हाताळतो, तिथे मोजणी यंत्राकडे दिली तर त्याला रुग्णाकडे मान वर करून पाहायला वेळ मिळेल. यंत्राचा खरा उपयोग इथेच आहे, आणि त्याला विरोध करण्याला धार्मिक वा नैतिक आधार सापडत नाही.

अडचण पुढे येते. अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठ रुग्णालयात डिसेंबर २०१७ मध्ये एका परिचारिकेने रुग्णाला शांत करणारे औषध काढण्यासाठी कपाटावर नावाची पहिली दोन अक्षरे टाइप केली. कपाट औषधाच्या मूळ नावाने शोधत होते, तिच्या मनात ब्रँडचे नाव होते. औषध सापडेना म्हणून तिने ‘ओव्हरराइड’ची, म्हणजे यंत्राची अडवणूक ओलांडण्याची, कळ वापरली आणि व्हेक्युरोनियम हे स्नायू लुळे करणारे औषध बाहेर आले. यंत्राने आणि कुपीवरच्या मजकुराने दिलेल्या सूचना नजरेआड झाल्या. रुग्ण दगावला. मार्च २०२२ मध्ये ज्यूरीने परिचारिकेला दोषी ठरवले, मे महिन्यात तिला तीन वर्षांची परिवीक्षा मिळाली. खटल्यात हेही पुढे आले की संगणकप्रणालीतल्या अडचणींमुळे त्या काळात ओव्हरराइड करणे ही तिथली नेहमीची गोष्ट होती. फौजदारी खटला मात्र एकटीवर चालला.

कर्ता कोण, हा प्रश्न इथे पुस्तकातून बाहेर येतो. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा आणि दैव, आणि जो एकट्यालाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असा पुढचा निष्कर्ष आहे. गीतेचा रोख अहंकार सुटण्याकडे आहे, दोषाच्या वाटणीकडे नाही. त्यामुळे तिला फौजदारी संहितेसारखे वापरणे चूक ठरेल. तरीही घटनेचे तिने केलेले विश्लेषण नॅशव्हिलच्या खोलीला तंतोतंत लागू पडते. अधिष्ठान म्हणजे ते रुग्णालय, करण म्हणजे कपाट, चेष्टा म्हणजे सवयीने दाबली जाणारी कळ.

दोष वाटण्यासाठी अधिक धारदार साधन जैन परंपरेत आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात कर्माचा आस्रव, म्हणजे जीवात होणारा शिरकाव, कृत, कारित आणि अनुमत असा तिहेरी मानला आहे: स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले, आणि दुसरा करत असताना मान्य केलेले. पतंजलीच्या योगसूत्रांतही हिंसेचे हेच तीन प्रकार येतात. जैन विवेचन याला संरंभ, समारंभ आणि आरंभ जोडते, म्हणजे संकल्प, साधनांची जुळवाजुळव आणि प्रत्यक्ष सुरुवात. या चौकटीत यंत्र कुठेच कर्ता होत नाही. ते साधन राहते. पण ते विकत घेणारा, त्यात औषधांची नावे कोणत्या पद्धतीने भरायची हे ठरवणारा, सूचना इतक्या वाजतात की कोणी वाचत नाही हे ठाऊक असून गप्प बसणारा, हे सगळे कारित आणि अनुमत या खणांत येतात. कळ दाबणाऱ्या हाताचा दोष यामुळे कमी होत नाही. इतरांचा मात्र दिसू लागतो, आणि नियमनाला नेमके हेच दिसायला हवे असते.

फिक्हची हनफी शाखा वेगळ्या वाटेने जाते. तिथे प्रत्यक्ष करणारा, मुबाशिर, आणि कारण ठरणारा, मुतसब्बिब, असा भेद आहे. दोघे एकत्र आले तर जबाबदारी प्रत्यक्ष करणाऱ्यावर, असा नियम एकोणिसाव्या शतकातल्या उस्मानी ‘मजल्ला’ संहितेच्या नव्वदाव्या कलमात आला. नॅशव्हिलचा निकाल या नियमाशी जुळतो. पण कपाटाने मानवी हाताशिवाय चुकीची गोळी बाहेर टाकली, तर? यंत्र मुकल्लफ नाही, म्हणजे त्याच्यावर कर्तव्याचा भार नाही. मग मुबाशिर म्हणून कोणी उरतच नाही आणि जबाबदारी मागे सरकून कारण ठरणाऱ्याकडे जाते. मुतसब्बिबाला जबाबदार धरण्यासाठी त्याचा अतिक्रम किंवा हेतू दाखवावा लागतो, म्हणून त्याने काय करायला हवे होते हे आधी लिहून ठेवलेले असणे आवश्यक ठरते. लिखित मानक नसेल तर दोष हवेत विरतो. दोन्ही परंपरा इथे एका ठिकाणी येऊन पोचतात: यंत्र जितके स्वायत्त, तितके त्यामागच्या माणसाचे नाव आणि कर्तव्य अधिक स्पष्ट असले पाहिजे.

भारतातले नियम अजून दुकानाच्या कल्पनेवर उभे आहेत: किमान १० चौरस मीटर जागा, शीतकपाट, परवाना, फार्मासिस्ट. ऑनलाइन विक्रीसाठी ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राने मसुदा काढला. त्याच डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने परवान्याविना ऑनलाइन विक्रीला मनाई केली. मार्च २०२० मध्ये करोनाच्या काळात दुकानांना औषधे घरपोच देण्याची मुभा अधिसूचनेने मिळाली. या साऱ्यात घरपोच आलेल्या पाकिटासमोर रुग्ण एकटाच उभा असतो. गोदामात फार्मासिस्टने चिठ्ठी तपासलेली असते, पण ज्याने तपासली त्याने रुग्णाला पाहिलेले नसते, आणि जो रुग्णाला पाहतो त्या डिलिव्हरीवाल्याला औषधातले काही कळत नसते.

पाहण्या-विचारण्याची गरज भिवंडीत किती आहे, हे शहराच्या दिनक्रमावरूनच कळते. चिठ्ठीवर १-०-१ लिहिले की सकाळी एक, रात्री एक असा अर्थ होतो. मागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या असतात. रात्रपाळीचा कामगार सकाळी झोपतो आणि संध्याकाळी उठतो. त्याची सकाळ कोणती? जेवणानंतर घ्यायची मधुमेहाची गोळी तो उपाशी झोपण्यापूर्वी घेऊ शकतो, आणि मग साखर उतरते. रमजानात हाच प्रश्न अख्ख्या मोहल्ल्याचा होतो. आजाऱ्याला रोजा न ठेवण्याची आणि नंतर भरून काढण्याची सवलत कुराणात आहे, तरी अनेक रुग्ण रोजा ठेवतातच, आणि डोस आपल्या मनाने सेहरी-इफ्तारवर सरकवतात. एकादशी, नवरात्र, पर्युषण यांचेही तसेच. कॅप्सूलचे जिलेटिन बहुधा प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून येते, हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासून मिळते. हे समजल्यावर जैन, वैष्णव किंवा मुसलमान रुग्णाला शंका येणे स्वाभाविक आहे. जिवावर बेतल्यास निषिद्धाला मुभा देणारे जरूरतचे तत्त्व फिक्हमध्ये आहे, हिंदू धर्मशास्त्रात आपद्धर्म आहे. पण त्या तत्त्वाचा आधार घ्यायला रुग्णाला आधी विचारता आले पाहिजे. लेबल इंग्रजीत, रुग्ण उर्दू किंवा तेलुगू वाचणारा, अनेकदा काहीच न वाचणारा. चरकाने सांगितलेला रोग्याचा गुण इथे ऐकणाऱ्याअभावी वाया जातो.

रोजंदारीवरचा कामगार पूर्ण स्ट्रिप घेत नाही. दोन दिवसांच्या चार गोळ्या कापून घेतो. बॅच आणि मुदत छापलेले टोक कोणा एकाच्याच वाट्याला जाते. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. कापलेल्या तुकड्याला त्याचाही उपयोग नाही. यंत्राने एकेक गोळी स्वतंत्र लेबलासह पुडीत घालून दिली तर या गरिबाचे हित दुकानाच्या कात्रीपेक्षा अधिक जपले जाईल. मोठ्या खासगी रुग्णालयांपेक्षा अशा खिडकीवर यंत्राची गरज अधिक आहे.

मोजणे आणि जाणणे यांतला फरक मात्र यंत्राने मिटत नाही. सरकारी रुग्णालयांत साठ्याची नोंद ‘ई-औषधी’ प्रणालीवर होते. २०२३ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या शासकीय रुग्णालयांत पोचलेल्या सिप्रोफ्लोक्सासिनच्या गोळ्यांत प्रतिजैविक नव्हतेच, असे प्रयोगशाळेच्या तपासणीत आढळले; पुरवठ्याच्या साखळीचा तपास ठाणे-भिवंडी भागापर्यंत आला. अशा गोळ्या नोंदीत बरोबर उतरतात, बरोबर मोजल्या जातात आणि बरोबर वाटल्या जातात. नमुना घेतल्यापासून अहवाल हाती येईपर्यंत महिने जातात, आणि तोवर गोळ्या रुग्णांच्या पोटात गेलेल्या असतात. तपासणीचा अहवाल येईपर्यंत बॅच कपाटातून बाहेर पडू नये, असा कुलूपबंद नियम यंत्रात सहज घालता येतो. तो घालण्याचा निर्णय मात्र माणसालाच घ्यावा लागतो.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. औषध फुकट मिळाले की त्याला दानाचे रूप येते, आणि दान घेणाऱ्याने फार विचारू नये असा समज आपल्याकडे खोल रुजलेला आहे. परंपरा तसे म्हणत नाही. जैनांच्या चार दानांत आहार, शास्त्र आणि अभय यांच्याबरोबर औषध आहे. गीतेने सात्त्विक दानाला देश, काल आणि पात्र पाहण्याची अट घातली आहे. औषधाच्या बाबतीत पात्र पाहणे म्हणजे या रुग्णाला हे औषध चालते का, हे पाहणे. घरोघर उरलेल्या स्ट्रिपा गोळा करून धर्मादाय दवाखान्यात देणाऱ्यांचा हेतू निर्मळ असतो. मुदत, साठवण आणि निदान यांची खात्री नसेल तर त्या हेतूने औषध सुरक्षित होत नाही. शिवाय करदात्यांच्या पैशातून आलेली गोळी हा रुग्णाचा हक्क आहे, उपकार नव्हे, आणि हक्काच्या वस्तूबद्दल प्रश्न विचारता येतात.

देखरेखीची दिशा उलटी फिरण्याचा धोकाही आहे. क्षयरोग कार्यक्रमात ‘९९ डॉट्स’ नावाची पद्धत आली: गोळी काढली की वेष्टनाखालचा दूरध्वनी क्रमांक दिसतो, रुग्ण त्यावर विनाशुल्क मिस्ड कॉल देतो आणि डोस घेतल्याची नोंद होते. रोज केंद्रावर जाऊन कोणासमोर गोळी गिळण्यापेक्षा हे अधिक सन्मानाचे. पण मिस्ड कॉल न आलेला रुग्ण लगेच ‘बेजबाबदार’ ठरू नये. फोन घरातल्या दुसऱ्याकडे असेल, पाळी बदलली असेल, केंद्रावर गोळ्याच संपल्या असतील. नोंद ठेवणाऱ्याने स्वतःच्या चुकांचीही तितकीच नोंद ठेवली पाहिजे.

यातून नियमनाला काय हवे ते बऱ्यापैकी ठरते. प्रत्येक स्वयंचलित कपाटामागे त्या पाळीत हजर असलेल्या एका फार्मासिस्टचे नाव असावे आणि यंत्र थांबवण्याचा त्याचा अधिकार व्यवस्थापनाला काढून घेता येऊ नये. प्रत्येक ओव्हरराइडचे कारण लिहिले जावे, आणि ओव्हरराइड वाढले तर चौकशी व्यवस्थापनाची व्हावी. लेबल मराठी, हिंदी, उर्दू आणि तेलुगूत, वेळ ‘सकाळ-रात्र’ऐवजी रुग्णाच्या झोप-जेवणाच्या हिशेबाने. उपास आहे का, रात्रपाळी आहे का, हे दोन प्रश्न औषध हातात देण्यापूर्वी माणसानेच विचारावेत. वीज गेल्यावर कपाट कसे उघडायचे आणि नोंद कुठे करायची हे कागदावर आधीच ठरलेले असावे.

भिवंडीतल्या कामगाराचे बरेचसे औषध मात्र रुग्णालयाच्या खिडकीतून येतच नाही. ते गल्लीतल्या दवाखान्यात, तपासणीच्या फीमध्येच, कागदाच्या पुडीत बांधून मिळते. पुडीवर नाव नसते, बॅच नसते, मुदत नसते. स्वतःच्या रुग्णाला औषध देणाऱ्या डॉक्टरला कायद्याने दिलेली सूट ज्या काळातली आहे, त्या काळी जवळपास औषधाचे दुकान मिळणेच दुर्मिळ होते. आज दवाखान्याला लागूनच मेडिकल असते. तरी सूट कायम आहे, आणि त्या पुडीत काय होते हे रुग्णाला, पुढच्या डॉक्टरला किंवा कोणत्याही यंत्राला सांगता येत नाही.